गाडी कायम उघड्यावर उभी असते. रंग टिकवायला नेमकं काय लावावं?

उघड्यावरची_गाडी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझी गाडी गडद निळी, मेटॅलिक, चार वर्षांची. डोक्यावर छप्पर नाही आणि पुढेही मिळण्यातलं नाही. दिवसभर कामाच्या ठिकाणी मोकळ्या आवारात उन्हात, रात्री घराबाहेर झाडाखाली. म्हणजे दिवसा ऊन आणि रात्री चीक, पानं, पक्षी.

एवढी काळजी का करतोय ते सांगतो. आधीच्या गाडीच्या टपावर, मागच्या काचेच्या जरा वर, नखाएवढा पांढुरका डाग दिसला. वाटलं पाण्याचा असेल. काही महिन्यांत तो तळहाताएवढा झाला. एक दिवस गाडी पुसताना फडक्याबरोबर पातळ पारदर्शक पापुद्रा उचलून आला, उन्हाने भाजलेली कातडी निघते ना, तसा. खालचा रंग कोरडा, बोटाला खडूसारखा लागणारा. आता पॉलिशने भागणार नाही, अख्खा टप रंगवावा लागेल, असं सांगितलं गेलं. पाच वर्षांत त्या गाडीला मी पाण्याशिवाय काही लावलं नव्हतं. या गाडीचं तसं होऊ द्यायचं नाही.

वॅक्स, सीलंट, सिरॅमिक, ग्राफीन, फिल्म… बाटलीवर कुठे ‘३ महिने’, कुठे ‘५ वर्षं’. उघड्यावरच्या गाडीला यातलं खरंच काय टिकतं? हाताने काम करायला आवडतं, आठवड्यातून दोन तास देऊ शकतो. धुण्याचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे ठिपके राहतात.

शिकाऊ_चालक

माझाही हाच प्रश्न. वाचतोय.

जुनी_सेदान

माझी गाडी १३ वर्षांची आहे आणि अर्धं आयुष्य उघड्यावर गेलंय. मी कार्नोबा वॅक्सवाला. हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून निघतं. झाड स्वतःच्या पानातलं पाणी उन्हाने उडू नये म्हणून ते पांघरतं, तेच आपण पत्र्यावर पांघरतो. गडद रंगावर त्याने जी खोली येते ती मला दुसऱ्या कशात दिसली नाही.

पण उघड्यावर त्याच्याकडून दीड-दोन महिन्यांपेक्षा जास्त अपेक्षा धरू नका. शुद्ध कार्नोबा साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, मऊ त्याच्या आधीच पडतं. कडक उन्हात गडद बॉनेटवर हात टेकवून बघा, टिकत नाही. मी दर सहा आठवड्यांनी लावतो, मला तो वेळ आवडतो, म्हणून माझं निभावतं. ज्याला दोनदा चुकवायची सवय आहे त्याने वॅक्सवर विसंबू नये.

रंगकाम

मी गाड्या रंगवतो, २० वर्षं होत आली. काय लावायचं ते नंतर बघू. आधी ते कशावर लावायचंय ते समजून घ्या.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वर चार थर असतात: गंज रोखणारा पहिला थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. चारही मिळून बहुतेक गाड्यांत १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला, तर तुम्ही ज्याला चमक म्हणता ती केसाहून पातळ जागेत राहते.

अतिनील किरण अडवायचं काम या क्लिअर कोटचंच. त्यात तशी द्रव्यं कारखान्यातच मिसळलेली असतात. ती हळूहळू संपतात आणि मग थर ठिसूळ होऊन सुटतो. तुमच्या आधीच्या टपावर झालं ते हेच. टप, बॉनेट आणि डिकीचा वरचा भाग सर्वांत आधी जातो, कारण सूर्य तिथे सरळ पडतो. दरवाजे त्याच गाडीचे, पण दहा वर्षांनीही ठीक असतात.

आता कोणी म्हणेल, कोटिंग लावलं की ऊन अडलं. बाटलीतलं सिरॅमिक कोटिंग बसल्यावर बहुधा एक-दोन मायक्रॉनच्या आतच असतं. ४० मायक्रॉनचा थर जे काम करतो, त्यात एक मायक्रॉनने किती भर पडणार? थोडी पडते. टपाचं छत्र होत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती: क्लिअर कोट खरवडू नका. चमक कमी झाली की लोक सरळ रबिंग करायला देतात. जोरदार रबिंगमध्ये दर वेळी काही मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. माझ्याकडे अशा गाड्या येतात ज्यांना दर वर्षी ‘चमकवून’ घेतलंय आणि कडांवर प्रायमर दिसतोय. जाडी मोजायचं यंत्र मिळतं, पण साधं यंत्र चारही थरांची मिळून जाडी सांगतं. एकट्या क्लिअर कोटची सांगत नाही. १२० आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

उघड्यावरची_गाडी

हे कोणी असं समजावलं नव्हतं, मनापासून आभार. मग प्रश्न असा: ऊन फारसं अडणार नसेल तर काही लावायचंच कशाला?

प्रयोगवही

कारण रंगाचे शत्रू दोन आहेत, एक सावकाश आणि एक झटपट. ऊन वर्षानुवर्षं खातं. पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चीक, चिरडलेले किडे, जड पाण्याचे ठिपके हे तासांत-दिवसांत खातात. वरचा थर या दुसऱ्या गटाशी लढतो. तो तुम्हाला वेळ मिळवून देतो, म्हणजे घाण पडली त्या क्षणापासून तुमचा हात तिथे पोचेपर्यंतचा.

विष्ठेचं बघा. तिच्यात युरिक आम्ल असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण बराचसा डाग तापमानामुळे बसतो. उन्हात क्लिअर कोट मऊ होतो, किंचित फुगतो. वरची विष्ठा त्याच उन्हात वाळून दगड होते. संध्याकाळी पत्रा गार होऊन आक्रसायला लागतो आणि त्या कडक झालेल्या गोळ्याभोवती त्याच आकारात थिजतो. म्हणून धुतल्यावरही तिरप्या उजेडात खरबरीत कडेचा ठसा दिसतो. रंग गेलेला नसतो, पृष्ठभाग वाकडा झालेला असतो आणि उजेड तिथून वेडावाकडा परततो. थंड दिवशी सावलीत तीच विष्ठा दोन दिवस राहूनही काही झालं नाही असं होतं, ते यामुळेच.

पाण्याचे ठिपकेही असेच. थेंब भिंगासारखा ऊन एकवटून रंग जाळतो, हे मी कित्येकदा ऐकलंय. पण थेंब पत्र्याला चिकटलेला असतो, त्यातून किरण एकत्र यायचे ते पत्र्याच्या बरेच खाली येतील. खरं काम करतात पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. पाणी उडतं, क्षार थेंबाच्या कडेला गोळा होतात आणि चिकटून बसतात.

जुनी_सेदान

थेंबावरून आठवलं. ज्या कोटिंगवर पाण्याचे गोल टपोरे मोती उभे राहतात ते उत्तम, असं सगळे मानतात. उघड्यावरच्या गाडीला ते मोती मला नेहमी नडले आहेत. पाऊस थांबला, ऊन पडलं की प्रत्येक मोती जागच्या जागी वाळतो. दोनशे मोती, दोनशे ठिपके. पाणी चादरीसारखं घसरून जाईल असा थर मला बरा वाटतो.

प्रयोगवही

+१. आणि मोती उभे राहणं हा थर शाबूत असल्याचा पुरावाही नव्हे. धुळीचा, तेलकट मळाचा पातळ थर कोटिंगवर बसला की मोती दिसेनासे होतात, खाली कोटिंग असतंच. नीट धुतलं की परत दिसतात. उलट काही शाम्पू स्वतःच मोती दाखवणारं द्रव्य मागे सोडतात, कोटिंग कधीच गेलेलं असलं तरी.

चकचकीत

एवढा विचार कशाला? सिरॅमिक लावून टाका. ९एच कडकपणा असतो, ओरखडाही येत नाही. माझ्या गाडीवर लावून दोन वर्षं झाली, एकदम आरशासारखी आहे.

प्रयोगवही

दोन वर्षं गाडी आरशासारखी राहिली याचा आनंद आहे, आणि त्यात तुमच्या निगेचा वाटा मोठा असणार. पण ९एच वाचून कोणी फडका जोरात घासायला लागू नये म्हणून लिहितो.

ते ९एच पेन्सिलच्या चाचणीतलं आहे. ६बी ते ९एच अशा पेन्सिली ठरावीक कोनात थरावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने थर ओरबाडला जातो ते पाहतात. ९एच ही त्या संचातली शेवटची, सगळ्यात कडक पेन्सिल. म्हणजे शिशाच्या पेन्सिलीने थर ओरबाडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांचा कडकपणा मोजायची मोस पट्टी वेगळी. तिच्यावर हिरा १० आणि क्वार्ट्ज ७. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्जचे कण भरपूर असतात. कोरड्या फडक्याखाली ते सापडले की सिरॅमिकवरही ओरखडा येतो.

पीटीएफईची जाहिरात करणाऱ्या पॉलिशांबद्दलही सांगतो, कारण ‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाने ती अजून मागितली जातात. पीटीएफई वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर ते भट्टीत तापवून बसवतात. गाडीचा पत्रा त्या तापमानाच्या जवळपासही नेता येत नाही. अशा पॉलिशने जे काही दिवस तुळतुळीत लागतं ते सोबतच्या मेणाचं आणि सिलिकॉनचं काम असतं.

ग्राफीनच्या बाटल्या बहुधा सिरॅमिकच्याच कुळातल्या असतात, त्यात ग्राफीन ऑक्साइडचा थोडा अंश. त्या नावासाठी वेगळा जीव टाकावा असं मला वाटत नाही.

पहाटपाळी

मी रात्रपाळी करते, सकाळी घरी येते तेव्हा गाडीवर दव असतं. दोन वर्षं कव्हर वापरून सोडून दिलं, त्याबद्दल लिहिते. कव्हर ऊन नक्की अडवतं. पण वाऱ्याने ते दिवसभर फडफडतं आणि खाली धूळ असेल तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. माझ्या आरशांच्या टोकांवर आणि मागच्या कोपऱ्यांवर चमक मरून धुरकट पट्टे आले आहेत. कव्हर ओलं झालं की दमट हवा आत कोंडते ते वेगळंच. गाडी रोज वापरणाऱ्याने धुळीच्या पत्र्यावर कव्हर टाकू नये. महिनाभर उभी राहणार असेल, तर स्वच्छ धुऊन, वाळवून, घट्ट बसणारं आणि हवा खेळणारं कव्हर घालावं.

शिकाऊ_चालक

मी रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसतो. हे चूक आहे का?

रंगकाम

हो दादा, लगेच थांबवा. उन्हात बॉनेटवर जे गोल गोल कोळिष्टकासारखे ओरखडे दिसतात ते बहुतेक या रोजच्या फडक्याचेच असतात. धूळ नुसती बसून रंगाचं फार बिघडवत नाही, घासल्यावर बिघडवते. आठवडाभर धूळ राहू द्या, पण काढाल तेव्हा भरपूर पाण्याने काढा.

उघड्यावरची_गाडी

मग सिरॅमिक स्वतः लावावं का? बाटली मागवायच्या बेतात आहे.

पत्राप्रेमी

मागवायच्या आधी हे वाचा. हौस म्हणून डिटेलिंग करतो, स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून बऱ्याच गाड्यांना सिरॅमिक लावलंय. पहिली लावली तेव्हा मलाही तुमच्यासारखंच छप्पर नव्हतं.

सिरॅमिक लावताना हात फिरवणं हा सगळ्यात छोटा भाग. आधी गाडी धुवायची. मग लोहकण विरघळवणारा स्प्रे मारायचा. ब्रेकमधून आणि रस्त्यावरून उडालेले सूक्ष्म लोखंडी कण रंगात रुतलेले असतात, त्यांच्यावर स्प्रे जांभळा होऊन ओघळतो. पांढऱ्या गाडीवर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून पाणी मारलं होतं. मग क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलून घेणारा मातीसारखा मऊ गोळा. त्याची गरज आहे का ते कळायला सोपा उपाय: धुतलेल्या, वाळलेल्या पत्र्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं हलकेच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून वाळूसारखा कचकचतो. क्ले भरपूर ओलावा ठेवून फिरवायचा, आणि जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा, कितीही जीव अडकला तरी. मग लागेल तेवढंच हलकं पॉलिश, मग पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पॉलिशचं तेल काढायचं. इतकं झालं की बाटलीचं झाकण उघडायचं.

लावायचं हातभर चौकोनात. थोड्या वेळात थरावर इंद्रधनुष्यासारखी झाक येते, ती आली की एका मायक्रोफायबरने सपाट करायचं आणि दुसऱ्याने परत. किती वेळ थांबायचं हे हवेवर ठरतं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते लावताक्षणी आवळून बसतं. माझ्या पहिल्या गाडीच्या डाव्या मागच्या दारावर असा एक पट्टा सुटून गेला. समोरून काहीच दिसत नव्हतं. संध्याकाळी सूर्य खाली गेल्यावर दाराशी गाल टेकवून बघितलं तर हँडलखाली विळ्याच्या आकाराचा काळसर, तेलकट दिसणारा डाग. पहिल्या तास-दोन तासांत त्यावर थोडं कोटिंग फिरवून पुसलं असतं तर निघाला असता. सकाळपर्यंत कडक झाला आणि पॉलिश करून तेवढा भाग पुन्हा करावा लागला.

आणि आता तुमच्यासाठी मुख्य मुद्दा. लावल्यावर निदान पहिले २४ तास त्याच्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये, आणि साधारण आठवडाभर शाम्पू लावायचा नाही. ज्याच्याकडे छप्पर नाही त्याने दव कसं अडवायचं? पाऊस टाळता येतो, दव रोज येतं. ओल्या कोटिंगवर दव पडलं की त्याचे ठसे थरातच राहतात. म्हणून खरं सिरॅमिक हवं असेल तर एक-दोन दिवस कोणाची तरी बंद जागा मिळवा किंवा काम करून देणाऱ्याकडे गाडी रात्रभर ठेवा. हे जमणार नसेल तर उघड्यावर सिरॅमिक लावण्याच्या भरीस पडू नका.

लावल्यानंतरही ‘पाच वर्षं’ हा आकडा बंद जागेतल्या, नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीचा धरा. उघड्यावर टपाचं आणि बॉनेटचं कोटिंग दारांच्या बरंच आधी थकतं.

उघड्यावरची_गाडी

बंद जागा नाहीच. मग?

पत्राप्रेमी

मग सिंथेटिक सीलंट. पॉलिमरचा असतो, मेणापेक्षा उष्णता चांगली सोसतो, उघड्यावर तीन ते सहा महिने सहज काढतो. लावणं वॅक्सइतकंच सोपं आहे: पातळ थर, धुकट वाळू द्या, पुसा. चुकलात तर डाग कायमचा बसत नाही. लावल्यावर काही तास कोरडा ठेवावा लागतो; सकाळी सावलीत लावलात तर रात्रीच्या दवापर्यंत तो पुरेसा बसलेला असतो. त्याच्यावर दर महिना-दीड महिन्याने सिलिकायुक्त स्प्रे. यातले काही धुतल्यावर ओल्या गाडीवरच मारायचे आणि पाण्याने घालवायचे असतात, पाच मिनिटांचं काम. उघड्यावर राहणाऱ्यांसाठी मला हीच जोडी सगळ्यात पटते, कारण ती पुन्हा लावता येते. उघड्यावर थर झिजणारच, आणि झिजलेला थर तुम्ही एका सकाळी, एकट्याने, जागच्या जागी भरून काढू शकता.

प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्यांना आणि रबराला वॅक्स-सीलंट लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात आणि निघता निघत नाहीत. आधी टेप लावा. गाडी मॅट रंगाची असेल तर तिच्यासाठी वेगळी उत्पादनं असतात. मॅटला पॉलिश लावलं की तिथे चकाकी येते आणि ती मॅट परत होत नाही.

रंगकाम

यात माझी एक भर. एखादा भाग नव्याने रंगवून घेतला असेल तर त्याच्यावर सीलंट, सिरॅमिक काही लगेच लावू नका. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात, तो गाडी हातात येईपर्यंत पक्का झालेला असतो. आमच्याकडे प्लास्टिक, वायरिंग सगळं जागेवर असतं, म्हणून साधारण ६० अंशांवर वाळवतो. त्यातलं उरलेलं सॉल्व्हंट पुढचे काही आठवडे बाहेर पडत राहतं. रंगवणाऱ्याला विचारा, तो महिना-दोन महिने थांबा म्हणाला तर थांबा.

पहाटपाळी

आणि पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म? तिच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

पत्राप्रेमी

ताई, दगडाने उडणाऱ्या टवक्यांपासून खरंखुरं संरक्षण देणारी एवढी एकच गोष्ट आहे. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे तुमच्या सगळ्या रंगाहूनही जाड. बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. विष्ठेचा ठसा बसलाच तर तो फिल्मवर बसतो. खर्च मोठा आणि लावणारा कसबी लागतो. सुरीने गाडीवरच कापणारा असेल तर रंगावरच रेघ ओढली जाऊ शकते. सगळी गाडी परवडत नसेल तर बॉनेटची पुढची कड, बंपर, हँडलमागच्या वाट्या आणि दाराच्या कडा एवढ्याला लावा. टपावर मात्र दगड येत नाहीत, तिथे ऊन आणि विष्ठा. उघड्यावरच्या गाडीचं पहिलं दुखणं तेच, म्हणून मी फिल्म शेवटी आणली.

प्रयोगवही

दिवे विसरू नका. हेडलाइटची काच आता काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्याच्यावरही अतिनील रोखणारा पातळ थर असतो. तो गेला की दिवा पिवळा पडतो. टपाला सीलंट लावताना दिव्यांवरही एक हात फिरवा.

आणि गाडीच्या दारात कायम दोन गोष्टी ठेवा: साध्या पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर. विष्ठा दिसली की घासायचं नाही. ओलं फडकं तिच्यावर पाच मिनिटं पसरून ठेवायचं, मऊ झाली की उचलून घ्यायची. वाळलेल्या विष्ठेत खडे असतात, चोळली की ठसा राहिला बाजूला, ओरखडेच पडतात. चीक ताजा असेल तर कोमट पाण्याने जातो. कडक झाला असेल तर अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं मिनिटभर टेकवा. त्याने त्या जागेचं सीलंटही निघतं, म्हणून तेवढ्यावर पुन्हा थेंबभर लावा.

जड पाण्यासाठी: उन्हात धुऊ नका, आणि धुतल्या धुतल्या मोठ्या टॉवेलने टिपून घ्या. ठिपके बसलेच तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं, हलक्या हाताने पुसून भरपूर पाणी. तरी राहिले तर क्षार रंगात उतरले आहेत, मग पॉलिशच.

उघड्यावरची_गाडी

सगळ्यांचे आभार. बाटली मागवली नाही. एक करून बघायचं ठरवलंय. टप लांबीला तीन भागांत टेपने विभागतो: डावीकडे काही नाही, मधे सीलंट, उजवीकडे नुसता सिलिका स्प्रे. बाकी गाडीला सीलंट. टपावर ऊन सगळीकडे सारखं, झाडही तेच. बघू काय दिसतं ते. पाचेक महिन्यांनी लिहितो.

जुनी_सेदान

नक्की लिहा. अशा धाग्यांचा शेवट कोणी सांगत नाही.

उघड्यावरची_गाडी

साडेपाच महिने झाले, लिहितो म्हणालो होतो.

आधी तयारीबद्दल. पिशवीचा प्रयोग केला आणि थक्क झालो. धुतलेला टप पिशवीतून चक्क कचकचत होता. क्ले फिरवल्यावर तिथेच परत बोटं फिरवली तर आवाजच नाही. पॉलिश केलं नाही, रंगकामदादांचं ऐकून क्लिअर कोट राखला.

उजवीकडच्या स्प्रेचे मोती पहिले दोन महिने सगळ्यात देखणे होते. नवव्या आठवड्यात पाणी तिथे पसरायला लागलं. मळ असेल म्हणून नीट शाम्पूने धुतलं, लोहकणांचा स्प्रेही मारला, मोती आले पण अर्धवट. तिथे थर खरंच झिजला होता. मधल्या सीलंटवर पाणी पहिल्यापासून चादरीसारखंच घसरायचं, आणि पाचव्या महिन्यातही घसरत होतं, जरा सावकाश.

पण खरं उत्तर मला पाण्याने दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी संध्याकाळी कामावरून निघताना बघतो तर टपावर विष्ठेचा लांब ओघळ, डाव्या पट्ट्यावरून मधल्यावर आडवा गेलेला. दिवसभराच्या उन्हात वाळून पक्का झालेला. ओलं फडकं ठेवलं, थांबलो, उचललं. दोन्हीकडे स्वच्छ दिसलं. घरी पोचल्यावर मोबाइलचा टॉर्च टपाला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. डाव्या भागात ओघळाची अख्खी कड उमटली होती, नकाशातल्या किनाऱ्यासारखी. जिथे टेपची रेघ होती तिथून ती कड पुसट होत गेली आणि मधल्या पट्ट्यावर दोन बोटांच्या अंतरात दिसेनाशी झाली. मी दहा मिनिटं तिथेच उभा होतो. एकच विष्ठा, एकच ऊन, तेवढेच तास.

तर माझं ठरलं. वर्षातून तीनदा सीलंट, मधे दर महिन्याला ओल्या गाडीवर स्प्रे. कोरडा फडका बंद. दारात बाटली आणि दोन मायक्रोफायबर. पुढच्या वर्षी जमलं तर बॉनेटच्या कडेला फिल्म.

शिकाऊ_चालक

डाव्या पट्ट्यावरचा तो ठसा गेला का नंतर?

उघड्यावरची_गाडी

काही उन्हाच्या दिवसांनंतर थोडा फिका झाला, पूर्ण गेला नाही. एवढ्यासाठी पॉलिश करणार नाही, समोरून दिसत नाही. प्रयोग संपला म्हणून परवा सकाळी डावा पट्टा धुतला, क्ले फिरवला आणि त्यालाही सीलंट लावलं. पुसताना त्या कडेवर बोट फिरवून बघितलं. हाताला लागत नाही, पण टॉर्च धरला की अजून आहे.

रंगकाम

तसाच राहू द्या. तेवढ्या जागी क्लिअर कोट अजून शाबूत आहे.